मिठागरातले डोळे

आमच्या पेणमध्ये एक प्रायोगिक सिनेमा तयार झाला होता, ही गोष्ट आम्हाला तो तयार केल्यानंतर चाळीसेक वर्षांनी कळली. करताना आम्हाला वाटलं होतं, की आपण मिठाची माहिती देतोय.

कळवायला मृणाली आली. मुंबईची, तिशीतली, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग. स्टेशनवरून रिक्षाने ती थेट दत्तूच्या कारखान्यावर उतरली. आमच्याकडे कारखाना म्हणजे गणपतीचा. इतर ठिकाणी यंत्रं कितीही मोठी असली तरी त्याला आम्ही कंपनी म्हणतो. दत्तू, म्हणजे दत्तात्रेय, दारात खुर्ची टाकून बसला होता आणि शेजारच्या खुर्चीवर मी पेपर वाचत होतो. माझ्या घरीही तोच पेपर येतो, पण घरी माझं मत ऐकणारं कोणी नाही.

"दत्तात्रेयकाका आपणच ना?" तिने वाकून नमस्कार केला.

दत्तूला वाटलं, मूर्तीचं गिऱ्हाईक. "दीड फुटाच्या वरचे संपले, बाळ. आता पुढल्या साली."

"मूर्ती नकोय, काका. तुमचा सिनेमा बघायचाय."

दत्तूने माझ्याकडे पाहिलं. "नाना, आपला कुठला सिनेमा?"

मी पेपर खाली ठेवला. आमचे सिनेमे फार नसल्यामुळे मला लगेच आठवलं.

तेव्हा वडखळच्या बाजूला खाडीला लागून मिठागरं होती. मिठागरवाल्यांच्या सोसायटीला मुंबईच्या एका प्रदर्शनात जागा मिळाली, आणि तिथे मीठ कसं पिकतं याची फिल्म दाखवावी असं चेअरमनच्या मनात आलं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कमळाकरने मुंबईहून सोळा एमएमचा एक जुना कॅमेरा आणला होता, तो छायाचित्रकार झाला. दत्तूला चित्रातलं कळतं म्हणून तो दिग्दर्शक. माझ्याकडे वडिलांची मोठी काळी छत्री होती म्हणून कॅमेऱ्यावर सावली धरायचं काम माझ्याकडे आलं. पुढे श्रेयनामावली लिहिली तीत छत्रीचा उल्लेख आहे, माझा नाही.

एप्रिलची भर दुपार धरून आम्ही शूटिंग केलं, कारण उजेड भरपूर पाहिजे असं कमळाकरने कुठेतरी वाचलं होतं. उजेड इतका भरपूर होता की फिल्म धुऊन आल्यावर आम्ही ती कारखान्यात चादरीवर पाहिली, तर एकाही माणसाचे डोळे उघडे नव्हते. मिठागरात दुपारी ऊन वरून येतं तसं खालूनही येतं. तिथे माणसं डोळ्यांची फट करूनच जन्म काढतात. त्यांना ते ठाऊक होतं. आम्हाला कोणी विचारायला सांगितलं नव्हतं.

कमळाकर म्हणाला, "चालेल. मीठ तर दिसतंय."

दत्तूला ते चालणार नव्हतं. त्यांच्या कारखान्यात तीन पिढ्या एकच नियम होता. सोनेरी रंग राहिला तर राहू दे, उंदीर मागाहून पाठवता येतो; पण डोळे उघडल्याशिवाय मूर्ती उंबरठ्याबाहेर जात नाही. डोळ्यांची आखणी शेवटी करायची आणि घरातल्या सगळ्यात चांगल्या हाताने करायची. तो हात तेव्हा दत्तूचा होता. हमरापूरचे मूर्तीवालेसुद्धा त्याला खास न्यायला यायचे.

"आंधळी माणसं मुंबईला कशी पाठवू?" तो म्हणाला.

कमळाकरने त्याला समजावलं, की बाबा, फिल्म म्हणजे सेकंदाला चोवीस चित्रं. दत्तूने मनाशी हिशेब केला. "म्हणजे डोळे अठ्ठेचाळीस," तो म्हणाला, आणि बसला.

गणपती गेले की कारखान्यात सामसूम असते. त्या सामसुमीत दत्तूने फिल्मच्या चकचकीत बाजूवर, डोळ्याला भिंग लावून, एका केसाच्या ब्रशने, मिठागरातल्या एकूण एक माणसाला डोळे काढले. दुसरे डोळे त्याला येत नव्हते, त्यामुळे ते गणपतीचे झाले: लांबट, पाणीदार, भक्ताकडे जरा कौतुकाने बघणारे. दिवाळी गेली, संक्रांत गेली. रंग वाळायला कारखान्यात दोऱ्यांवर फिल्म टांगलेली असायची, आणि दत्तूची आई तिच्याखालून वाकून जाताना हात जोडायची. पडद्यावर पाहिलं तर प्रत्येक चित्रात डोळा केसभर इकडेतिकडे झालेला, त्यामुळे माणसं घामेजलेली, कमरेत वाकलेली आणि डोळे मात्र थरथरत जिवंत.

चेअरमनने शेवटपर्यंत पाहिलं. "डोळे झकास," तो म्हणाला. "मीठ कुठाय?" प्रदर्शनाला त्याने एक तक्ता पाठवला.

तो सिनेमा लोकांनी पाहिला तो एकदाच, रोह्याला. तिथे सिनेमाचा तंबू लागला होता आणि मुख्य चित्रपटाची पेटी नागोठण्याला अडकली होती. तंबूवाल्याला वेळ काढायला काहीतरी हवं होतं. लोक आधी हसले. मग पुढे बसलेल्या धोंडुबाई नावाच्या म्हातारीने पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले, आणि तिच्या मागच्यांना वाटलं, तिला काही माहीत असेल. सगळा तंबू हात जोडून मीठ ओढणारी माणसं बघत होता. मध्येच फिल्म तुटली. ऑपरेटरने तुटलेला भाग कापून जोड मारला आणि कापलेला तुकडा पहिल्या रांगेतल्या एका गोऱ्या प्रवाशाला दिला. त्या गृहस्थाची एसटी बंद पडली होती म्हणून तो तिथे होता. कलेच्या इतिहासात एसटीचं योगदान कोणी लिहिलेलं नाही.

त्या गोऱ्याने घरी जाऊन लेख लिहिला. लेखाचं आम्हाला मृणालीकडून कळलं. त्यात असं म्हटलं होतं, की भारतातल्या एका अज्ञात कलावंताने श्रमिकाच्या चेहऱ्यावर देवाची नजर रंगवून सिनेमाचा पायाच हलवला आहे. तेव्हापासून हा सिनेमा शोधणारी माणसं जगात आहेत. तीन देशांत. ती एकमेकांना पत्रं लिहितात आणि एकमेकांवर संशय घेतात. एकाने तर खोटी फिल्म तयार करून विकली होती. त्यातले डोळे बघून दुसऱ्याने ओळखलं, की हे पेणचे नव्हेत. डोळ्यांच्या त्या वळणावरूनच चौकशी करत मृणाली दत्तूच्या नावापर्यंत पोचली होती.

"आणि हा मूळ तुकडा." मृणालीने फोनवर फोटो दाखवला. बेल्जियममधल्या कुठल्या घरात, पांढऱ्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत आमच्या फिल्मची बोटभर पट्टी. तिच्यावर वरून स्वतंत्र दिवा सोडलेला.

दत्तूने फोन डोळ्यांजवळ नेला. "हा तर आपला मिठागरातला पोपट," तो म्हणाला.

ज्याच्या भिंतीवर पोपट होता, त्यानेच मृणालीला पाठवलं होतं. त्याला उरलेला सिनेमाही हवा होता. ती स्वतः असल्या जुन्या फिल्म सांभाळायचं शिकली होती आणि डबा बघेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता. डबा माळ्यावर, सोंडांच्या साच्यांमागे सापडला. उघडला तसा आमसुलाच्या बरणीसारखा आंबट वास आला. मृणालीचा चेहरा उतरला.

"फिल्म कुजायला लागली की हा वास येतो, काका. हिला थंड कोठीत ठेवायला हवं. लवकर. आणि ह्या जातीच्या फिल्मला निगेटिव्ह नसते, म्हणजे जगात आहे ते एवढंच." तिने पट्टी हळूच वाकवून पाहिली. "मशीनवर फार तर एकदा चढवू. तेही साहेबांना तुम्ही सिनेमा बघतानाचं चित्रण हवंय म्हणून."

"म्हणजे आमचा सिनेमा?"

"हो. तोही ते संग्रहात ठेवतील."

रकमेचा आकडा तिने सांगितला. तसे आकडे आमच्याकडे जमिनीच्या सौद्यातच ऐकू येतात. दत्तूने मान डोलावली, पण त्याचं लक्ष अजून फोनमधल्या पट्टीवर होतं.

"एकदाच चालवायची तर रोह्याला चालवू," तो म्हणाला. "सरूनं बघितली पाहिजे."

सरू ही पोपटची बायको. सिनेमा तंबूत लागला तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी होती. पोपट तंबूतून थेट तिकडे गेला आणि म्हणाला, "मी पडद्यावर हाय गो, पन डोळे माझे नाय." पुढच्या पावसाळ्यात उधाणाने खाडीच्या बांधाला भगदाड पडलं. ते बुजवायला गावातली माणसं गेली, त्यांत पोपट गेला, आणि बाकीची परत आली. पाणी घरातही शिरलं होतं. लग्नाचा एक फोटो होता, तो खाऱ्या पाण्याने पांढरा झाला. मुलगा जितेश तेव्हा रांगत होता. आता तो रोह्याला कंपनीत आहे, चाळिशी उलटलीय, आणि सरू त्याच्याकडे असते. बापाला त्याने कधी कुठल्याही रूपात पाहिलेलं नाही.

मृणालीने गाडी मागवते म्हटलं. दत्तूने नकार दिला. महामार्गाचं काम चालू असताना कुजकी फिल्म न्यायची नाही, असं त्याचं मत पडलं. पनवेलहून येणारी रोहा गाडी पकडून आम्ही सकाळीच निघालो. खिडकीतून कासूची शेतं जात होती. दत्तू डबा मांडीवर धरून बसला होता. समोरच्या बाईने विचारलं, लाडू का? दत्तू म्हणाला, "नाय. मीठ."

सरूने चहा केला, जितेश पहिल्या शिफ्टला गेलाय म्हणून सांगितलं, आणि खिडक्यांना घोंगड्या लावायला स्वतः स्टुलावर चढली. साठी उलटली तरी तिची चाल मिठागरातलीच होती, पाय सपाट टाकायची.

"दत्तूभाऊ, खरंच हाय ह्याच्यात तो?"

"हाय गो."

"मग लाव. चहा निवला तरी चालंल."

मृणालीने बॅगेतून आणलेलं प्रोजेक्टरचं मशीन सुरू केलं आणि फोन आमच्या तोंडांवर रोखला. भिंतीवर मिठाच्या राशी आल्या. छत्रीची सावली एका कोपऱ्यात आली आणि लगेच मागे गेली. ते माझं काम. मग माणसं आली, ते डोळे घेऊन. आमच्या तारुण्यातली ती दुपार, आणि तिच्यातून देव बघतायत. कमळाकर असता तर म्हणाला असता, उजेड बरोबर होता.

मग पोपट आला. लाकडी दांडा ओढत कॅमेऱ्याकडे चालत आला, थांबला, तोंड वर केलं आणि पुरा पडदा भरून राहिला. कपाळावर घाम, ओठावर कोवळी मिशी, आणि मध्ये ते दोन लांबट डोळे, भक्ताकडे बघणारे.

फिल्म संपली. घोंगडीच्या फटीतून उन्हाची रेघ जमिनीवर आली होती.

"ह्यो कोन?" सरूने विचारलं.

"पोपट गो, सरू," दत्तू म्हणाला. "ओळखलास नाय?"

"मिशी त्याची हाय. चाल त्याची हाय. पन ह्यो बघतोय कोन, ते मला नाय माहीत." तिने पदराने चष्मा पुसला. "खाली त्याचे हायत ना? तुझ्या रंगाच्या खाली?"

"हायत. पन मिटल्यागत हायत."

"तो तसाच होता. ते दाखव."

मृणालीने फोन बंद केला. ती सरूच्या जवळ जाऊन खाली बसली आणि फार मऊपणे म्हणाली, "आजी, रंग पुसला तर परत येणार नाही. आणि ह्या सिनेमाची किंमत त्या रंगाचीच आहे. मी असं करते, ह्याची कॉपी कॉम्प्युटरवर घेते आणि त्यात डोळे काढून टाकते. तुम्हाला आजोबा दिसतील."

"कापूटरला ठावं हाय, त्याचे डोळे कसे होते?"

मृणाली खोटं बोलणारी नव्हती. "नाही. तो आजूबाजूचं बघून अंदाजाने भरतो."

"अंदाजानं दत्तूभाऊनंबी भरलेत," सरू म्हणाली. "एक अंदाज बघितला. आता दुसरा कशाला?"

दत्तू उठून बाहेर ओट्यावर गेला. मी मागोमाग गेलो.

"नाना," तो म्हणाला, "माझे किती डोळे शिल्लक असतील?"

"दोन. त्यातला एक मोतीबिंदूचा."

"मी काढलेले म्हणतोय."

मी विचार करू लागलो. दत्तूने हजारो मूर्तींचे डोळे आखले आणि सगळे भाद्रपदात तळ्यात, नदीत, खाडीत गेले. हात थरथरायला लागला तेव्हा त्याने ब्रश मुलाच्या हातात दिला आणि दारात खुर्ची टाकली. तेव्हापासून त्याने एक रेघ ओढलेली नव्हती.

"डब्यात आहेत तेवढेच," मी म्हणालो.

"चांगले होते रे," दत्तू म्हणाला. "मघाशी बघितले. आता कोन काढतो तसे." त्याने समोरच्या कुत्र्याला हाकललं. "सगळे डोळे पाण्यात गेले, एक दिवस वाईट वाटलं नाय. ह्यांचंच विसर्जन चाळीस वर्षं लांबलं." मग चपला शोधल्या. "कोपऱ्यावर मेडिकल हाय ना? स्पिरिट आन. आनि कापूस."

मृणालीने शेवटचा प्रयत्न केला. "काका, तुमचा हात..."

"काढायला हात पाहिजे, बाळ. पुसायला थरथरला तरी चालतो."

तिने बेल्जियमला फोन लावला. तिकडे सकाळ होत होती. पलीकडचा माणूस आधी ओरडला असावा, कारण तिने फोन कानापासून लांब धरला. मग त्याने एकच गोष्ट विचारली: फक्त पोपटचेच डोळे पुसणार ना, आणि त्याच्या भिंतीवरच्या तुकड्यात पोपटच आहे ना? हो म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम गोड झाला. पोपटचे रंगवलेले डोळे आता जगात फक्त त्याच्या भिंतीवर राहणार होते. मृणालीने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा परीक्षेत कॉपी करून पास झालेल्या मुलीसारखा होता.

"हरकत नाही म्हणाले," ती म्हणाली. "फक्त कापूस टाकू नका. तो त्यांना हवाय."

"कापूस?" सरूने विचारलं.

"रंग लागलेला. संग्रहासाठी."

"पाहिजे तर गादीतला देते की. चांगला सावरीचा हाय."

जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरून दत्तू बसला. मृणालीने आपला लहान दिवा धरला आणि भिंग दिलं. फिल्म इंचाइंचाने सरकत होती. दत्तू कापसाचा बोळा ओला करायचा, एकदा फिरवायचा, आणि मृणाली तो बोळा चिमट्याने उचलून पिशवीत टाकायची. सरू पलीकडे तांदूळ निवडत बसली होती, पण तिने बराच वेळ एकही खडा बाहेर टाकलेला मी पाहिला नाही. मध्येच दत्तू थांबायचा, एखाद्या चित्राकडे जरा जास्त वेळ बघायचा, आणि मग बोळा फिरवायचा. शेवटच्या शेवटच्या चित्रांना मृणाली म्हणाली, "काका, हे एक राहू द्या ना." दत्तूने ते पुसलं.

दुपार झाली. फिल्म वाळली. मृणालीने ती परत मशीनवर चढवली; एकदाच, असं या वेळी कोणी म्हटलं नाही.

तीच रास, तीच छत्री, तीच माणसं देवाच्या डोळ्यांनी वाकून मीठ ओढताहेत. आणि त्यांच्यामधून एक पोरगा चालत आला, ज्याला काहीच दिसत नव्हतं. कॅमेऱ्यासमोर थांबला, तोंड वर केलं, आणि उन्हाने सगळा चेहरा आवळून घेतला. भुवया खाली, गाल वर, डोळ्यांच्या जागी दोन सुरकुत्या. मोठ्या डोळ्यांमुळे इतकी वर्षं आमच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. तो हसत होता.

सरू उभी राहिली आणि भिंतीच्या इतकी जवळ गेली की पोपट अर्धा तिच्या पदरावर आला.

"डोक्याला फडकं बांद म्हनून सांगितलेलं ना तुला," ती भिंतीला म्हणाली. "आयकायचा नायस. बघ कसा काळा पडलास."

मशीनचा आवाज तेवढा चालू होता. बाहेर स्कूटर थांबली. जितेश शिफ्टवरून आला, दारात बूट काढता काढता अंधार बघून थबकला, आणि जेवणाचा डबा हातात घेऊन तसाच आत आला. भिंतीवरचा पोरगा त्याच्या निम्म्या वयाचा होता. जितेशचे केस कानांवर पांढरे झालेत. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे, मग दत्तूकडे. उन्हातून आल्यामुळे त्याला अजून नीट दिसत नव्हतं. त्याने भुवया खाली घेतल्या आणि गाल वर केले.

मृणाली भिंत सोडून जितेशकडेच बघू लागली.

फिल्मचं टोक फडफडलं आणि भिंत पांढरी झाली.

"बस," सरू जितेशला म्हणाली, आणि खुर्चीवरची तांदळाची परात उचलली. "तुझा बाप हाय. पुन्यांदा लावतायत."

मृणालीने एकदा फिल्मच्या डब्याकडे पाहिलं, आणि फिल्म उलटी गुंडाळायला घेतली.